जुन्या खेळण्यात नवा उजेड

जत्रेत पूर्वी हातात मावणारा एक गेम मिळायचा, आठवतो का? वरून ठोकळे पडायचे, ओळ भरली की नाहीशी व्हायची. पोरं त्याला ब्रिक गेम म्हणायची. त्याच्याच घराण्यातल्या एका थोरल्या यंत्राबद्दल आज बोलायचं आहे, आणि ते यंत्र उघडून, सुधारून पुन्हा चालू करणाऱ्या छंदी माणसांबद्दल. बैठकीत एका काकूंनी विचारलं होतं, "ताई, आमची पोरगी असलं जुनं खेळणं खोलून बसते. हे खूळ म्हणायचं की शिक्षण?" म्हणून हा विषय घेतला.

त्या यंत्राचं नाव गेमबॉय. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं ते १९८९ साली आणलं. चार पेन्सिल सेल, छोटा पडदा, आणि रंग म्हणाल तर हिरवट-करड्याच्या चार छटा. ते घडवण्यात मोठा वाटा गुनपेई योकोई यांचा. १९६५ साली ते कंपनीत लागले ते खेळायचे पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. म्हणजे मूळचा माणूस दुरुस्तीवालाच. नवंकोरं महाग तंत्र घेण्यापेक्षा जुनं, स्वस्त, पारखलेलं वापरायचं, हा त्यांचा हिशोब. म्हणून रंगीत पडदा नाही आणि पडद्यामागं दिवाही नाही. पुढच्याच वर्षी सेगा कंपनीचा गेम गिअर आला. रंगीत होता, उजेडाचा होता, पण सहा सेल तीन ते पाच तासांत खायचा. महिन्याचा बाजार भरणाऱ्या बाईला योकोईंचं गणित वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. गेमबॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून अकरा कोटींच्या वर खपले.

अंधाराचं दुखणं मात्र राहिलं. २००१ साली गेमबॉय ॲडव्हान्स आला, तोही दिव्याविना. चित्र दिसायला खिडकीजवळ किंवा बल्बखाली बसावं लागे. मग अमेरिकेतल्या काही हौशी लोकांनी कंपनीची वाट बघितली नाही. २००२ साली आफ्टरबर्नर नावाचा दिव्याचा संच विकायला आला. यंत्र खोलायचं, आतलं थोडं प्लास्टिक घासून जागा करायची, पडद्यावर पातळ दिवा बसवायचा आणि दोन तारांना डाग द्यायचा, गळक्या भांड्याला देतात तसा. सगळ्यात छळायची ती धूळ. एक कण आत राहिला की तो उजेडात चांदणीसारखा चमकायचा, की पुन्हा सगळं खोला. २००३ साली कंपनीनं स्वतःच दिवा असलेलं यंत्र काढलं. ह्या लोकांमुळंच काढलं, असं मी म्हणणार नाही. पण गिऱ्हाइकं आपल्या हातानं अडचण सोडवून मोकळी झाली होती, एवढं खरं.

आज हे काम सोपं झालंय. तयार पडदे मिळतात, नवी कवचं, रंगीत बटणं मिळतात. तरी हात लागतोच. ह्या यंत्रांना तीन पाकळ्यांचे स्क्रू असतात, साध्या पेचकसानं ते निघत नाहीत, उलट त्यांची डोकी झिजतात. जुन्या गेमबॉयच्या पडद्यावर उभ्या रेघा गायब झाल्या असतील तर पडद्याखालच्या पट्टीवरून गरम सोल्डरिंगची कांडी हलकेच फिरवतात, की सुटलेली जोडणी पुन्हा धरते. जोर झाला तर पट्टीच जळते. अल्कलाइन सेल आत राहून पाझरले असतील तर पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते. ती कापसाच्या बोळ्यानं थोडं व्हिनेगर लावून निघते, मग कोरडं पुसायचं. रिमोट आणि बॅटरीलाही हेच चालतं, तेव्हा हे तेवढं लक्षात ठेवा.

आता, ह्यातून मिळतं काय? दुरुस्त केलेली यंत्रं विकली जातात, पण त्यासाठी हा छंद करायचा असं मला वाटत नाही. मुलाला आपण छंद आहे म्हणतो आणि मुलीला वेळ वाया घालवते म्हणतो, हे मला खटकतं. स्क्रूनं बंद केलेली वस्तू उघडता येते, बघता येते, परत मिटता येते. आजकालचे बरेच मोबाइल डिंकानं चिकटवलेले असतात, त्यांत शिकायला फार वाव नाही. जुन्या खेळण्यात आहे. फक्त डाग देताना खिडकी उघडी हवी, शिसं हाताळल्यावर हात धुवायला हवेत, आणि हे काम चुलीजवळ किंवा जेवायच्या ताटाशेजारी नको. पेन्सिल सेलच्या जागी चार्जिंगची लिथियम बॅटरी बसवतात, ती फुगलेली दिसली तर लगेच वापरणं थांबवायचं, टोचायची तर अजिबात नाही.

छंदी लोकांत एक वाद आहे. काही म्हणतात, जुन्याला हात लावू नका, ते जसं आहे तसं जपा. काही सगळंच बदलतात. माझं मत मधलं आहे. नवा पडदा खुशाल घाला, पण मूळ पडदा पिशवीत बांधून नाव लिहून ठेवा. कवच कापू नका. कापलेलं परत जुळत नाही. आजीच्या लुगड्याची गोधडी आपण शिवतोच की, पण काठ बाजूला काढून ठेवतो.

शेवटची गोष्ट त्या खेळाच्या कॅसेटची. पुष्कळ जुन्या कॅसेटमध्ये आत एक चपटा बटण-सेल असतो. खेळणारा कुठवर पोचला, हे त्या सेलच्या जोरावर राहतं. पंधरा-वीस वर्षांनी सेल मरतो आणि लहानपणी कुणी महिनोन्‌महिने खेळून जमवलेलं सगळं एका दिवसात पुसलं जातं. सेल बदलता येतो, पाय जोडलेलाच घ्यायचा, साध्या सेलला थेट डाग द्यायचा नाही. पण जुना सेल काढला की आतलं जातंच. म्हणून आधी संगणकाला जोडायचं एक यंत्र वापरून त्याची नक्कल उतरवून घेतात, नवा सेल बसवतात आणि ती नक्कल परत आत भरतात. घरात अशी कॅसेट सापडली तर आधी तिच्या मालकाला फोन करा, मगच पेचकस उचला.