लोणखेड्याच्या वसतिगृहातून तोरणमाळ

शिकण्यासाठी घर सोडलं की परदेश काही समुद्रापलीकडेच असतो असं नाही. सातपुड्याच्या पाड्यांवरून शहाद्याजवळच्या लोणखेड्याला शिकायला आलेल्या मुलाला पहिले काही आठवडे सपाटीच परकी वाटते. पपई, ऊस, केळी, आणि डोंगर फक्त उत्तरेला, लांब, निळसर. मग एखाद्या शनिवारी मित्र म्हणतात, चला तोरणमाळला!

हे पठार अक्राणी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच. लोणखेड्याहून निघालं की शेतं मागे पडतात, घाट सुरू होतो आणि वळणावळणाला हवा गार होत जाते. वर यशवंत तलाव. त्याच्या काठी नुसतं बसलं तरी सकाळ जाते. सीताखाईची खोल दरी पावसाळ्यात बघावी. उन्हाळ्यात तिथला धबधबा आटतो. कठड्यावरून फोटोसाठी वाकणाऱ्यांना मात्र मागे ओढायला एक शहाणा मित्र हवाच. महाशिवरात्रीला इथे गोरक्षनाथांची मोठी यात्रा भरते. शांतता हवी असेल, तर ते दिवस टाळा.

गटात पावरी किंवा भिली बोलणारा कोणी असेल, तर त्यालाच पुढे करा. वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारा तो मुलगा इथे झाडांची नावं सांगू लागतो, पाऊलवाटा दाखवतो. जाताना भाकरी-ठेचा बांधून घ्या, स्वेटर ठेवा. आणि चढण्याआधीच परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्या. सोमवारी सकाळी तास असतो.