दात्याच्या पेशींचें कार्य



रक्त जेथें तयार होतें त्या अस्थिमज्जेंतच कांहीं पेशी बेबंद वाढूं लागल्या, म्हणजे मज्जाजन्य रक्तकर्करोग होतो. त्याच्या जुनाट प्रकारास २००१ सालापासून इमॅटिनिबच्या गोळीनें बहुधा आवर बसतो. तीव्र प्रकारांत मात्र अनेकदां मज्जारोपण करावें लागतें.

डॉ. डॉनॉल थॉमस यांनीं १९५७ सालीं मज्जारोपणाचे आरंभींचे प्रयोग प्रसिद्ध केले. रोगट मज्जा नष्ट करून निरोगी घालावी, एवढाच हेतु होता. पुढें नवल दिसलें: हुबेहूब जुळ्याची मज्जा घेतलेल्यांचा रोग अधिक वेळां उलटे, इतर भावंडांची घेतलेल्यांचा कमी. कारण किंचित् परक्या पांढऱ्या पेशी उरलेल्या रोगट पेशी ओळखून मारितात. १९९० सालीं म्युनिकचे डॉ. कोल्ब यांनीं, जुनाट रोग उलटलेल्या तिघांस दात्याच्या पांढऱ्या पेशी पुन्हां दिल्या, आणि रोग ओसरला. याच पेशी रुग्णाच्या त्वचेवर, आंतड्यांवर व यकृतावरही उठतात. त्यांस आवरणें हीच वैद्याची कसोटी.

सख्खें भावंड पूर्ण जुळण्याचा संभव चारांत एक. घरीं दाता न मिळाल्यास परक्याकडे पाहावें लागतें. म्हणून आमची विनंती इतकीच कीं, आपल्या तरुणांनीं दात्यांच्या यादींत आपलें नांव नोंदवावें.