एक डावखुरा गोलंदाज आणि त्याचं रिकामं वर्ष
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



दहा मिनिटं बोल, पण आजारांवर बोलू नकोस, अशी संयोजकांची ताकीद आहे. फिजिओथेरपिस्टला ही शिक्षाच झाली! म्हणून आज एका खेळाडूची गोष्ट सांगतो. खेळ आपला नाही, बेसबॉल आहे. माणसाचं नाव टॉमी जॉन.

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाज त्याच्यापासून साडेसाठ फुटांवर, म्हणजे आपल्या बावीस यार्डांहून थोडा जवळच असतो. आपला गोलंदाज हात सरळ ठेवून चेंडू टाकतो. पिचर मात्र कोपर वाकवून तो झटक्याने फेकतो. त्या प्रत्येक झटक्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका छोट्या लिगामेंटवर येतो.

टॉमी जॉनचा जन्म १९४३चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. १९६३मध्ये तो व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीवर खेळू लागला. डावखुरा होता. वेगापेक्षा अचूकपणावर आणि ऐन वेळी खाली बसणाऱ्या चेंडूवर त्याची भिस्त. १९७४ साली लॉस एंजेलिस डॉजर्सकडून खेळताना तो ऐन बहरात होता. तेरा विजय, फक्त तीन पराभव. जुलैमध्ये एक चेंडू टाकताना तेच लिगामेंट तुटलं. त्या काळी पिचरच्या बाबतीत याचा अर्थ एकच होता : खेळ संपला.

संघाचे डॉक्टर होते फ्रँक जोब. त्यांनी पूर्वी कोणत्याही पिचरवर न झालेली शस्त्रक्रिया सुचवली. उजव्या हातातली एक कंडरा काढायची, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यांतून ती ओवायची आणि तुटलेल्या लिगामेंटचं काम तिच्याकडून करून घ्यायचं. पुन्हा खेळता येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली. जॉन तयार झाला. सप्टेंबर १९७४मध्ये शस्त्रक्रिया झाली.

इथपर्यंतची गोष्ट डॉक्टरांची. माझ्या धंद्यातल्या माणसाला खरा रस पुढच्या भागात. शस्त्रक्रियेनंतर कोपराजवळची नस बिघडली, बोटं आकसली. तिच्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५चा अख्खा हंगाम तो एकही सामना खेळला नाही. बोटांत ताकद आणायची, हळूहळू चेंडू टाकायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. टाळ्या नाहीत, धावफलक नाही.

१९७६मध्ये तो परतला. १९७७मध्ये वीस सामने जिंकला. पुढे न्यूयॉर्क यांकीजकडून १९७९मध्ये एकवीस आणि १९८०मध्ये बावीस. एका हंगामात वीस विजय त्याला दुखापतीपूर्वी कधीच मिळाले नव्हते! १९८९मध्ये, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तो थांबला. एकूण २८८ विजय. त्यांतले १२४ शस्त्रक्रियेपूर्वीचे आणि १६४ नंतरचे. तीनदा वर्ल्ड सिरीजची अंतिम लढत खेळला, पण विजेतेपद एकदाही वाट्याला आलं नाही. आज त्या शस्त्रक्रियेला जगभर ‘टॉमी जॉन सर्जरी’ म्हणतात.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. आता अमेरिकेत शाळकरी मुलांवरही ही शस्त्रक्रिया होते. वर्षभर एकच खेळ, विश्रांती नाही, कोवळ्या हातावर मोठ्यांचा भार. शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा जोरकस होतो, असा गैरसमजही काही पालकांत आहे. तसं काही नसतं. मिळतं ते बहुतेक वेळा मेहनतीने परत मिळवलेलंच असतं.

आपल्याकडे खेळ क्रिकेटचा, दुखणं खांद्याचं आणि कमरेचं. बारा-तेरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजांना घेऊन पालक माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "रविवारच्या मॅचला उतरेल ना?" आपल्यापैकी बरेच जण आता आजी-आजोबा झालेत. घरात असा प्रश्न निघाला, तर "राहू दे हा रविवार" एवढं म्हणायला तुम्ही तिथे असा. आई-वडिलांना ते म्हणणं जड जातं. आपल्याला जाऊ नये.

आणि आपल्यातल्या ज्यांचे गुडघे बदललेत, बायपास झालीय, त्यांनी ते दोन आकडे लक्षात ठेवावेत. आधीचे १२४, नंतरचे १६४. मधलं एक वर्ष मात्र चुकवता येत नाही. व्यायाम सांगितलेत ते करा. न करणारे कोण, ते मला ठाऊक आहे. नावं घेत नाही, समोरच बसलेत!