पैनगंगेच्या अल्याड-पल्याड

ऑगस्ट 2023 मध्ये ‘माझी माती माझा देश’ अभियानात गावोगावी शिलाफलक बसवले. झेंडावंदनाला आपण त्या दगडापुढे रांगोळी काढतो. त्यावर काय लिहिलं आहे, ते किती जणींनी थांबून वाचलं?

आपला मुलूख सरहद्दीचा. 1853 मध्ये निजामानं वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे दिला आणि पैनगंगा सीमा झाली. नदीच्या अल्याड इंग्रजांचा अंमल, पल्याड निजामाचा. माहूर, हदगाव, किनवट ही सगळी पल्याडची. म्हातारी माणसं अजून तिकडे ‘मोगलाई’ म्हणतात. आज आपण रेणुकामातेच्या दर्शनाला माहूरला जातो तेव्हा कोणी अडवत नाही. त्या काळी पल्याड माल न्यायचा तर करोडगिरीचा नाका लागे, जकात भरावी लागे. सोयरिकी मात्र दोन्हीकडे होत. लेकीचं सासर एका राज्यात, माहेर दुसऱ्या!

10 जुलै 1930 ला पुसदजवळ लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि अटक करून घेतली. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं होतं. आपल्याकडे समुद्र कुठला? इथं सरकारनं अडवलं होतं ते जंगल, गुरांचा चारा. भारा कोणाच्या डोक्यावर असतो ते तुम्हाला मी काय सांगू! पण जंगल सत्याग्रह म्हटलं की पुढाऱ्यांचीच नावं निघतात.

पुढची गोष्ट तर आणखी जवळची. 15 ऑगस्ट 1947 ला अल्याड तिरंगा लागला. पल्याड निजामाचंच राज्य राहिलं, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत, म्हणजे तेरा महिने. रझाकारांच्या भीतीनं पल्याडची कुटुंबं लेकराबाळांसह नदी ओलांडून वऱ्हाडात आली. कोणी सोयऱ्यांकडे उतरलं, कोणी ओळखीपाळखीच्या घरी. अशा वेळी चूल कोण पेटवतं? एका घरात पाच माणसं वाढली तर किती भाकरी वाढतात, हे बाईच जाणते. त्या भाकरींची नोंद कोण ठेवणार?

तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या पोरी आता नव्वदीला टेकल्या आहेत. गटाच्या पुढच्या बैठकीआधी आपापल्या आळीतल्या आजीकडे जा. मोबाईलमध्ये रेकॉर्डिंग लावा. ‘इतिहास सांग’ म्हणू नका, ती गप्प बसेल. विचारा, तुमच्या घरी पल्याडचं कोण येऊन राहिलं होतं? किती दिवस? नदी कुठून ओलांडली, पाणी किती होतं? सोबत काय आणलं, काय मागं राहिलं? नाव सांगितलं तर पूर्ण लिहून घ्या, माहेरच्या आडनावासकट. एका आजीनं सांगितलेलं दुसरीलाही विचारा, कारण आठवणीत साल-महिना सरकतो.

मग ती वही ग्रामसभेत घेऊन जा. शिलाफलकाशेजारी आणखी एक पाटी लावायची असेल तर ठराव मांडावा लागतो, आणि तो आपल्यापैकी कोणीही मांडू शकते.