एकच नाव, दोन ठिकाणी

यमुनेच्या काठी १९७६ साली स्थापन झालेल्या नोएडा नगरीत आज ठिकठिकाणी संगणक चालतात, आणि त्यांच्यापुढे बसणाऱ्यांत मराठी तरुणही आहेत. समजा, असा एखादा तरुण महिनाभर खपून जमविलेली मराठी शब्दांची यादी अकारविल्हे लावावयास घेतो. युनिक्स घराण्यातील संगणकाला तो टंकून आज्ञा देतो: प्रथम 'सॉर्ट', मग यादीच्या फाइलीचे नाव, मग बाणाच्या टोकासारखे चिन्ह आणि पुन्हा तेच नाव. वाचावयाचे जिथून, लिहावयाचेही तिथेच. आज्ञा क्षणार्धात पुरी होते. पण फाइल उघडून पाहावी, तो ती रिकामी!

दोष सॉर्टचा नव्हे. ते चिन्ह त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. आज्ञा प्रथम 'शेल' नावाच्या द्वारपालाच्या हाती पडते. तो चिन्ह पाहून पुढील नावाची फाइल तत्काळ कोरी करतो. सॉर्टला जाग येते ती त्यानंतर. पाटी पुसल्यावर तीवरचे वाचावयाचे कसे?

म्हणूनच सॉर्टच्या कर्त्यांनी त्याला 'ओ' या अक्षराची खूण दिली. तिच्यापुढील नाव खुद्द सॉर्टलाच मिळते, आणि सारी यादी वाचून झाल्यावाचून तो लेखणी उचलीत नाही. मूळचेच नाव दिले तरी चालते. सगळेच प्रोग्राम इतके समंजस नसतात. तेथे फलित निराळ्या नावाने लिहावे, नजरेखालून घालावे, मगच जुन्या जागी ठेवावे. नक्कल करणाऱ्या 'सीपी'मध्ये आधी मूळ, नंतर नक्कल असा क्रम असतो. तो उलटला, की जुनी प्रत नव्या मजकुरावर बसते, आणि संगणक सहसा चकार शब्दही काढीत नाही.