क्लीनर साइडचा आरसा



आपण यंदा एका ट्रक ड्रायव्हरला बोलावलेत, याबद्दल आभारी आहे. मला भाषण येत नाही. चिपळूण-कराड रस्त्यावर गाडी चालवताना जे दिसत नाही, तेवढेच सांगतो.

कोयना प्रकल्पामुळे अलोऱ्यास अवजड गाड्या नव्या नाहीत. एवढ्या उंचावर बसणाऱ्याला सारे दिसत असेल, असे आपणांस वाटते. घोटाळा तिथेच आहे. गाडीच्या अगदी तोंडाशी उभे असलेले मूल ड्रायव्हरला दिसत नाही. हौद्याच्या पाठीमागचे दिसत नाही. सर्वांत वाईट डावी बाजू. तिला आम्ही क्लीनर साइड म्हणतो. पूर्वी क्लीनर खिडकीतून डोके काढून सांगत असे. आता पुष्कळ गाड्यांवर क्लीनर नसतो. सारी भिस्त आरशावर. खूण सोपी आहे: ट्रकच्या आरशात ड्रायव्हरचे तोंड तुम्हांला दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही.

लांब गाडी डावीकडे वळवताना आधी थोडी उजवीकडे घ्यावी लागते. मागच्या स्कूटरवालीला वाटते, वाट मोकळी झाली. पण मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या बाजूस सरकतात. खेर्डीला अशाच एका वळणावर पानवाला ओरडला म्हणून मी थांबलो. उतरून पाहतो, तो मागच्या चाकापासून हातभर अंतरावर एक बाई, आणि स्कूटरवर पुढे उभी असलेली तिची मुलगी! आरशात त्या नव्हत्याच. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. २०१८ पासून दोन धुऱ्यांच्या ट्रकला मालासह १८.५ टन वजनाची परवानगी आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढे अंतर सरते. कुंभार्ली घाट आम्ही खालच्या गिअरमध्ये उतरतो, कारण सारखा दाबलेला ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक धरत नाही. तेव्हा उतरत्या ट्रकपुढे घुसून एकदम थांबू नका. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. तसा नियमच आहे. एस. टी.तून उतरलात, तर तिच्या पुढून रस्ता ओलांडू नका. तिला जाऊ द्या, मग दोन्ही बाजूंना पाहा.

सारा दोष तुमचाच, असे मी म्हणणार नाही. आमच्यातही भरधाव हाकणारे आहेत, रात्री दिवे न लावता गाडी रस्त्यात उभी करणारे आहेत. त्यांना आम्ही सांगू. आपण एक करावे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन मैदानावर या. मी गाडी आणतो. प्रत्येक मुलाला ड्रायव्हरच्या जागी बसवू आणि त्याच्या आईला क्लीनर साइडला, मागच्या चाकाजवळ उभी करू. आई दिसत नाही, हे मुलाने एकदा स्वतः पाहिले, की माझ्या भाषणाची गरज उरणार नाही.