संघराज्य आणि वेठबिगार

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा सारांश)



झाशीहून ओरछ्याच्या वाटेने काही कोस गेले की राज्याची सीमा लागते. १९४७ पूर्वी ती इंग्रजी मुलूख आणि संस्थान यांमधील सीमा होती. सीमा ओलांडताच माणसाचे हक्क बदलावेत काय, हा प्रश्न आम्हां झाशीकरांना केवळ पुस्तकी वाटत नाही.

अमेरिकेने १७८७ साली या प्रश्नाला बगल दिली. राज्यांचा संघ जुळावा म्हणून फिलाडेल्फियाच्या सभेने गुलामगिरीशी तडजोड केली. प्रतिनिधींच्या जागा ठरविताना पाच गुलाम तीन माणसांइतके धरले गेले. १८०८ पर्यंत गुलामांच्या आयातीवर बंदी घालता येणार नाही, असे ठरले. पळालेला गुलाम मुक्त राज्यात पोहोचला, तरी त्याला धन्याच्या हवाली करणे बंधनकारक झाले. पुढे १८६१ ते १८६५ च्या यादवीत सहा लाखांहून अधिक सैनिक मृत्युमुखी पडले, तेव्हा कोठे तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपली. निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या त्या अमेरिकनांना महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला.

हा इतिहास आमच्या घटनासमितीपुढे होता. झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर त्या समितीचे सभासद होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केले, की आपला संघ राज्यांच्या आपसांतील करारातून निर्माण झालेला नाही; म्हणून त्यातून फुटण्याचा अधिकार कोणासही नाही, आणि नागरिकत्वही एकच आहे. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; २३ व्या कलमाने माणसांचा व्यापार व वेठबिगार यांस मनाई केली. परंतु खरे मर्म ३५ व्या कलमात आहे. या अपराधांना शिक्षा ठरविण्याचा अधिकार राज्यांकडे न ठेवता संसदेकडे दिला गेला. जमीन आणि पोलीस हे विषय राज्यांचे. माणसाची मुक्तता मात्र साऱ्या देशाची.

तथापि वेठबिगारांना कर्जमुक्त करणारा कायदा होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. १९८२ साली, दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात घेतलेले काम हीदेखील वेठबिगारच होय.

आमचे पूर्वज या प्रांती पेशव्यांच्या सुभेदारीबरोबर, म्हणजे सत्तेबरोबर आले. आज येथील राज्यकारभाराची भाषा आमची नाही. तरी आम्ही येथे परके नाही, ते त्या एकाच नागरिकत्वामुळे. ज्या घटनेचा आधार आम्ही घेतो, तीच आमच्या दुकानात, शेतावर आणि बांधकामावर राबणाऱ्या मजुराचीही आहे. मंडळाच्या नव्या वास्तूचे काम निघेल, तेव्हा गवंड्याच्या व बिगाऱ्याच्या हाती पुरे वेतन पडते की नाही, हे आपण ठेकेदारावर न सोपविता स्वतः पाहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.